आमचा ॲस्पर्जर, तुमचा ऑटिझम

२०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानग्रंथाची, म्हणजे डीएसएमची, पाचवी आवृत्ती काढली आणि माझ्या धाकट्या भावाचं निदान रद्द झालं. बेळगावात कुणाला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. विधानसभेचे निकाल नुकतेच लागले होते, गल्लीत तीच चर्चा. भावाला मात्र कळलं. स्वतःशी संबंध असलेला कुठलाही कागद तो मुळातून वाचतो. रात्री जेवताना ताटावरची नजर न हलवता त्यानं जाहीर केलं, "ॲस्पर्जर सिंड्रोम काढून टाकलाय. आता मी ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये मोडतो." (ऑटिझम म्हणजे माणसांशी संवाद साधणं मुळातच अवघड जाणं; स्पेक्ट्रम म्हणजे त्याचा कमी-जास्त तीव्रतेचा सगळा पट. त्यातल्या बोलणाऱ्या, शिकणाऱ्या, पण माणसांत घोटाळणाऱ्या मंडळींना तोवर ॲस्पर्जर म्हणायचे.)

आईनं चपाती हातातच धरली. "कोण सांगितलं तुला? तुला तसलं काय पण नाही."

बाबा म्हणाले, "जेवा आधी."

आईच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मी सांगू शकते. आमच्या शहापुरात दोन गल्ल्या सोडून एक मुलगा राहायचा. बोलायचा नाही. दारातल्या कट्ट्यावर बसून हात झटकत राहायचा. आईच्या लेखी ऑटिझम म्हणजे तो. आमचा मुलगा डिप्लोमा झालेला, उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला असलेला. त्याला पुण्याच्या एका बाईंनी रीतसर 'ॲस्पर्जर' लिहून दिलं होतं आणि तो कागद कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली असायचा. ॲस्पर्जर म्हटलं की पाहुण्यांना काही कळायचं नाही आणि कळलं नाही म्हणून ते पुढं विचारायचेही नाहीत. त्या नावाची सगळ्यात मोठी सोय हीच होती. शिवाय आइनस्टाइनलाही तेच होतं म्हणे, असं एका मावशीनं कुठंतरी वाचलेलं. (मेलेल्या माणसांची निदानं करायचा हा उद्योग कुणी काढला कोण जाणे. आइनस्टाइनला यासाठी कुणी तपासलेलं नव्हतं.)

ते निदान झालं कसं, हे सांगायलाच हवं. बेळगावच्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो मिरज गाठतो. हे दुखणं मिरजेचं नव्हे म्हणून आम्ही पुण्याला गेलो. बेंगळूरला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, म्हैसूरला वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे, दोन्ही नावाजलेल्या आणि दोन्ही आमच्याच राज्यात. पण मराठी घराचे पाय पुण्याकडे वळतात. भाऊ तेव्हा हायस्कुलात होता. वर्गात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. शिक्षकांना मात्र वाटत होतं.

पुण्याच्या बाईंनी बरंच विचारलं. त्यात एक प्रश्न होता, मुलगा पहिला शब्द कधी बोलला, दोन-तीन शब्द जोडून कधी बोलला? आई म्हणाली, वेळेवर. आज्जी सोबत आलेली होती. ती म्हणाली, "कुठलं वेळेवर? तीन वर्षं तोंड उघडलं नाही. मग एकदम वाक्यंच बोलायला लागलं पोरगं." तिथंच दोघींची जुंपली. बाईंनी आईचं लिहून घेतलं. शेजारच्या कन्नड काकू तर आजही शपथेवर सांगतात की दीड वर्षाचा असताना तो त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन 'नीरु' म्हणाला होता, तांब्याकडे बोट दाखवून. त्यांना पुण्याला कुणी नेलंच नव्हतं.

हे घरगुती भांडण वाटेल, पण सगळं निदान त्यावर टांगलेलं होतं. डीएसएमच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ॲस्पर्जरला पहिल्यांदा वेगळी जागा मिळाली. त्यातला नियम असा की, दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द आले असतील, तीन वर्षांपर्यंत अर्थ पोचवणारे छोटे शब्दसमूह आले असतील आणि बुद्धीची वाढ नेहमीसारखी असेल, तरच ॲस्पर्जर म्हणायचं. ऑटिझमच्या अटी पुऱ्या होत असतील तर ऑटिझमच लिहायचं. म्हणजे आज्जीचं लिहून घेतलं असतं तर त्याच खोलीत, त्याच दुपारी, त्याच मुलाला दुसरं नाव मिळण्याची पुरेपूर शक्यता होती. भाऊ मात्र तोच राहिला असता. वर्तमानपत्रात छापल्यासारखी मराठी बोलणारा, गल्लीतल्या पोरांनी "काय करालायस?" विचारलं की "मी काही करत नाही, मी उभा आहे" असं सरळ उत्तर देणारा.

मुळात ही भिंत घातली कुणी, हे शोधायला गेलं की हसावं की रडावं कळत नाही. १९४३ साली बाल्टिमोरला लिओ कॅनरनं ११ मुलांची हकीकत लिहिली. १९४४ साली व्हिएन्नात हान्स ॲस्पर्जरनं ४ मुलग्यांची लिहिली. 'ऑटिस्टिक' हे विशेषण दोघांनीही वापरलं. त्यांच्याही आधी, १९२५ साली, ग्रुन्या सुखारेवा या मॉस्कोत काम करणाऱ्या बाईंनी ६ मुलग्यांचं अशाच धर्तीचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं, पण ते दशकानुदशकं कोपऱ्यात राहिलं. ॲस्पर्जरचं जर्मन लिखाणही इंग्रजी जगात फारसं कुणी वाचलेलं नव्हतं. ते उजेडात आणलं लंडनच्या लॉर्ना विंग यांनी, १९८१ साली, ३४ जणांच्या अनुभवावर लिहिलेल्या एका लेखातून. विंगबाई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांची मुलगी ऑटिस्टिक. त्यांना वेगळा आजार जाहीर करायचाच नव्हता. बोलणारी, शाळेत जाणारी, पण माणसांत घोटाळणारी ही मंडळीही त्याच कुटुंबातली आहेत हे डॉक्टरांना पटावं, म्हणून त्यांनी ते नाव पुढं केलं. लोकांनी नाव घेतलं आणि कुटुंब सोडून दिलं.

पुढं १९९७ साली दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. ॲस्पर्जरनं वर्णन केलेल्या मूळ चार मुलांना त्यांनी चौथ्या आवृत्तीच्या कसोट्या लावल्या. चौघंही ऑटिझमच्या व्याख्येत बसले. ज्यांच्यावरून नाव पडलं, त्यांनाच ते नाव मिळेना! आणि २०१२ साली कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ विद्यापीठीय केंद्रांवरच्या २,१०२ मुलांच्या तपासण्या एकत्र मांडल्या. तपासणीची साधनं सगळीकडे एकच, मुलांचे गुणही साधारण एकसारखे पसरलेले. तरी एका केंद्रात ॲस्पर्जर म्हणायचे, दुसऱ्यात ऑटिझम, तिसऱ्यात आणखी काही. मुलाला कुठलं नाव मिळणार याचा सगळ्यात चांगला अंदाज त्याच्या लक्षणांवरून लागत नव्हता, तो कुठल्या केंद्रात गेला त्यावरून लागत होता.

हा अभ्यास मी भावाला सांगितला तेव्हा तो खूश झाला, कारण हा त्याच्या रोजच्या कामाचा विषय निघाला. वर्कशॉपमध्ये भोक तपासायला गो–नो गो गेज असतं. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. हे गेज जॉब पास की रिजेक्ट एवढंच सांगतं; किती मायक्रॉननं चुकलंय ते विचारायचं तर बोअर गेज घ्यावा लागतो. "इथं तर," तो म्हणाला, "प्रत्येक गावाला गेज वेगळं आणि कॅलिब्रेशन कुणाचंच नाही. असल्या गेजनं तपासलेला लॉट मी पाठवला तर कस्टमर परत पाठवेल." पाचव्या आवृत्तीनं तेच केलं. गेज फेकून दिलं, सगळ्यांना ऑटिझम स्पेक्ट्रम म्हटलं आणि कुणाला किती आधार लागतो त्याच्या तीन पातळ्या ठेवल्या. ज्यांना आधी रीतसर ॲस्पर्जर सांगितलं होतं त्यांना नव्या नावात घ्यावं, अशी टीपही घातली. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी आयसीडी, म्हणजे तिची आजारांची यादी, २०१९ साली मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातही ॲस्पर्जर वेगळा उरला नाही.

सीमाभागातला माणूस कुठल्याही विषयात सीमाप्रश्न घुसवतो, अशी आमची ख्याती आहे. इथली रेषा आणि तिथली रेषा असा मोह मलाही झाला, पण तो आवरते. सीमाप्रश्न या गोष्टीत येतो तो वेगळ्याच वाटेनं, भावाच्या छंदातून. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली ८६५ गावं त्याला पाठ आहेत, तालुक्यांसह. गावं कुठं जावीत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. यादी पुरी आहे का, एवढ्याशी आहे. गल्लीतल्या एका कार्यकर्त्याला हे कळलं आणि तो मोठ्या कौतुकानं भावाला एका बैठकीला घेऊन गेला. भावानं गावं म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. मग कुणी न विचारता त्यानं पुढं सांगितलं की सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं. आकडा बरोबर होता. पण ज्या खोलीत महाजन अहवाल हा शब्द शिवीसारखा उच्चारतात, त्या खोलीत तो हे सांगत होता आणि समोरच्यांचे चेहरे का बदलले ते त्याला उमगत नव्हतं. घरी आल्यावर त्यानं मला विचारलं, "मी कुठला आकडा चुकलो?"

अशा माणसाला लोक 'सौम्य' म्हणतात. सौम्य कुणासाठी? आम्हाला त्याचा त्रास सौम्य, हे खरं. त्याचा त्याला किती, हे आम्ही मोजलेलं नाही. दिवसभर सुपरवायझर कधी चेष्टा करतोय आणि कधी चिडलाय हे हिशेब करून ओळखायचं, कँटीनमध्ये कुणाशेजारी बसायचं ते ठरवायचं, संध्याकाळी घरी येऊन तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक आणि गणपतीचं विसर्जन या बेळगावच्या दोन अभिमानाच्या रात्री. त्या तो वर्कशॉपचे ईअर मफ कानाला लावून मागच्या खोलीत काढतो. चौथ्या आवृत्तीतल्या ॲस्पर्जरच्या कसोट्यांत आवाज, उजेड, स्पर्श यांच्या त्रासाचा उल्लेखच नव्हता. पाचव्या आवृत्तीनं तो घातला. म्हणजे त्याचं जुनं प्रतिष्ठित नाव गेलं आणि जे आमच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं घडत होतं ते पहिल्यांदा कागदावर आलं. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

नावाचीच गोष्ट निघाली आहे तर ज्याचं नाव त्याच्याविषयीही सांगितलं पाहिजे. २०१८ साली हेरविग चेक या व्हिएन्नातल्या इतिहासकारानं जुनी दप्तरं धुंडाळून लेख लिहिला. त्यातून दिसलं की नाझी राजवटीत ॲस्पर्जरनं काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत ७८९ मुलं मेली, त्यांतली अनेक मारली गेली. पाठवलेल्यांत जेमतेम तीन वर्षांची एक मुलगी होती, १९४१ साली दाखल झाली आणि काही आठवड्यांत गेली. ॲस्पर्जरला किती ठाऊक होतं यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण हुशार, उपयोगी पडतील अशा मुलांची तो बाजू घेत होता आणि ज्यांच्यापासून समाजाला काही मिळणार नाही असं त्याला वाटलं त्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होता, हे त्या दप्तरांत आहे. 'आमचा हुशार आहे, तसला नव्हे' हे वाक्य आमच्या जेवणाच्या खोलीत निरुपद्रवी वाटतं. ते सत्तेच्या हाती पडलं की काय होतं, ते तिथं होऊन गेलंय. भावानं हे वाचल्यावर कपाटातला कागद मागून घेतला, त्या शब्दाखाली पेन्सिलीनं '२०१३ पासून रद्द' असं लिहिलं आणि कागद पुन्हा डब्याखाली ठेवला.

इथं थांबले असते तर माझं म्हणणं सरळ झालं असतं. एकत्र केलं ते बरं केलं, शास्त्रानंही आणि माणुसकीनंही. पण खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी ते सरळ राहू दिलं नाही.

बेळगावात पालकांचा एक मेळावा होता, तिथं त्या भेटल्या. त्यांचा मुलगा विशीतला, मोजून काही शब्द, रात्री झोप नाही, दार उघडं मिळालं की जंगलाच्या वाटेला लागतो. आई सवयीनं म्हणून गेली, "आमच्याला ॲस्पर्जर हाय, ऑटिझम नव्हं." मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्या बाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याला तुम्ही काय पण म्हणा वो. खरं सगळ्यास्नी एकच नाव दिल्यावर आमच्याला कोण बघणार? परवा बँकेतले साहेब म्हणाले, ऑटिझम म्हणजे कंप्युटरमधी लई हुशार असतात की ओ! मी म्हटलं, याला चड्डीचं बटण लावायला येऊदे आधी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. आईला ऑटिझमपासून लांब बसायचं होतं. या बाईंना भीती होती की आमच्यासारखे जवळ येऊन बसले तर त्यांचा मुलगा दिसेनासा होईल. दोघींना वेगळं नाव हवं होतं, पण एकीला अब्रूसाठी आणि दुसरीला मदतीसाठी. या दोन मागण्या एका मापानं तोलता येत नाहीत.

ही भीती खानापूरपुरती नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 'प्रोफाउंड ऑटिझम' असा शब्दप्रयोग सुचवला. ज्यांना चोवीस तास मोठ्या माणसाची देखरेख लागते, ज्यांना बोलणं जवळपास नाही किंवा ज्यांचा बुद्ध्यंक ५० च्या खाली आहे, अशांसाठी, आठ वर्षांनंतर वापरायचा. त्या आयोगाच्या प्रमुखांपैकी एक कोण, तर त्याच कॅथरीन लॉर्ड, ज्यांच्या अभ्यासानं ॲस्पर्जरच्या भिंतीचा पाया उघडा पाडला होता. काही ऑटिस्टिक मोठ्या माणसांना हा शब्द आवडलेला नाही. पुन्हा वर्गवारी, पुन्हा उतरंड, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी माझं मत त्या बाईंच्या बाजूला झुकतं. वरच्या टोकाला आपलं वेगळेपण जपायला नाव हवं असेल तर ते हौसेचं आहे. खालच्या टोकाला, जिथं बोलून मागताच येत नाही, तिथं नाव हे मागण्याचंच काम करतं.

आपल्याकडच्या कायद्याकडे पाहिलं तर वाद वेगळाच दिसतो. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात अपंगत्वं होती, ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्यानं यादी २१ वर नेली तेव्हा 'ऑटिझम स्पेक्ट्रम' असा आला. यांपैकी एकाही यादीत ॲस्पर्जर हा शब्द नाही. 'निरामय' या आरोग्यविम्याचे एक लाखापर्यंतचे उपचार असोत, सरकारी नोकरीतल्या अपंगांसाठी राखीव ४ टक्क्यांतला ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मनोविकार वगैरे सगळ्यांना मिळून दिलेला १ टक्का असो, दार ऑटिझम या एकाच नावाचं आहे. आई ज्या शब्दापासून मुलाला वाचवत होती, त्याच शब्दावर त्याचे हक्क लिहिलेले होते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी लावतात. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढं तीव्र. भाऊ प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळासमोर गेला तेव्हा चौकशी कन्नडमध्ये झाली, पुण्याचा अहवाल इंग्रजीत होता आणि आई मराठीत घाबरलेली होती. त्यानं प्रत्येक प्रश्नाचं शुद्ध ग्रंथी कन्नडमध्ये पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. विचारणारे गृहस्थ एकदा म्हणालेसुद्धा, इतकं छान बोलतोय, याला काय झालंय? त्यावर भावानं त्यांना इसाचे बोलण्याविषयीचे प्रश्न क्रमांकासह सांगितले. प्रमाणपत्र झालं. माझ्या माहितीत असं बोलता येणारे काही जण त्याच कारणानं परत पाठवले गेलेत, आणि ते पुन्हा जात नाहीत. एका नावाखाली आल्यानं हा अन्याय मिटलेला नाही.

आई आता ॲस्पर्जर म्हणत नाही. ऑटिझमही म्हणत नाही. "त्याचं जरा वेगळं असतंय," एवढं म्हणते. स्थळ घेऊन आलेल्या एका नातेवाइकानं यातलं काही बोलू नका असं सुचवलं, तेव्हा भावानंच मुलीच्या वडिलांना फोन करून प्रमाणपत्राची टक्केवारी कळवली. ते स्थळ गेलं. घरात दोन दिवस धुसफूस झाली, पण मला त्याचं बरोबरच वाटलं.

खानापूरच्या बाईंशी मात्र त्याचं जमलं, आणि ते कुणी जमवून आणलेलं नाही. मुलगा अठरा वर्षं पुरी झालेला, त्यांना ब्लडप्रेशर, नवरा नाही. आपल्या पश्चात मुलाचं काय ही चिंता. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली पालकत्वाचा अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी तिघांची स्थानिक समिती तो ठरवते. बाईंचा धाकटा दीर पालक व्हायला तयार आहे. भावानं कायदा, नियम, अर्जाचा नमुना सगळं वाचून काढलं, बाईंना कुठं सही आणि कुठं अंगठा ते खुणा करून दिलं. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे आणि तो रजा टाकून त्यांच्यासोबत जाणार आहे. बाईंनी एकच अट घातली, "साहेबांच्या चुका काढायच्या न्हाईत." तो म्हणाला, चूक कलम १४ मधली असेल तर काढावी लागेल. बाकीच्या सोडून देईन.